ग्रंथसूची : कालची आणि आजची

काही वर्षांपूर्वी कार्यालयीन कामासाठी मला एक टिपण तयार करावयाचे होते. विषय होता आपल्याकडील बागाईत शेतीचा इतिहास. जुन्या मराठी पुस्तकांचा शोध घेत असता एका डिजिटल ग्रंथसंग्रहात फळझाडांच्या लागवडीवरील एका लहानशा पुस्तकाची नोंद माझ्या दृष्टीस पडली. नोंदीत प्रकाशनाचे साल १८२० असे दिले होते. मला मोठा आनंद झाला. बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी भाषेचे व्याकरण छापले गेले ते १८०५ साली. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत कोणा मराठी माणसाने फळझाडांवर पुस्तक लिहून ते छापून काढावे, ही गोष्ट अपूर्वच म्हणावयाची! मी ते साल टिपणात घातले, टिपण वरिष्ठांकडे पाठविले, आणि मग सवडीने ते पुस्तक वाचावयास बसलो. चार-सहा पाने वाचून होतात तोच ग्रंथकर्ते सांगू लागले, की आंबा आगगाडीने मुंबईस पाठवावयाचा असेल तर तो गवतात कसा बांधावा. आगगाडी! बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. मी लगबगीने मुखपृष्ठाकडे वळलो. तेथे स्वच्छ अक्षरांत छापले होते : शके १८२०. म्हणजे इसवी सन १८९८. नोंद करणाराने ‘शके’ हा एक शब्द गाळला होता, आणि त्यामुळे ते पुस्तक अठ्ठ्याहत्तर वर्षे मागे गेले होते. टिपण परत मागविताना मला फार ओशाळवाणे झाले. दोष नोंद करणाराचा होता हे खरे. परंतु ग्रंथ न उघडता केवळ नोंदीवर विसंबणाऱ्या माझाही तो होताच.

या लहानशा प्रसंगामुळे ग्रंथसूचीच्या इतिहासाकडे माझे लक्ष वेधले. कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला नोंदीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. आवक बारनिशीत जो कागद चढला नाही, तो कपाटात असूनही हरवलेलाच असतो. ग्रंथांचेही तसेच आहे. ग्रंथाचे नाव, कर्ता, विषय, साल, भाषा, स्थळ ही जी ग्रंथाविषयीची माहिती आपण ग्रंथाबाहेर टिपून ठेवतो, तिला आजच्या परिभाषेत ‘मेटाडेटा’ म्हणतात. शब्द नवा आहे. वस्तू मात्र फार जुनी आहे.

आपल्याच देशातील एक उदाहरण पाहा. सतराव्या शतकात काशीक्षेत्री कवींद्राचार्य सरस्वती नावाचे एक विद्वान संन्यासी होऊन गेले. मूळचे ते गोदातीरचे. काशी आणि प्रयाग येथील यात्रेकरूंवरचा कर त्यांनी शाहजहान बादशहाकडे रदबदली करून माफ करविला, अशी त्यांची ख्याती आहे. त्यांच्यापाशी संस्कृत हस्तलिखितांचा मोठा संग्रह होता. तो संग्रह पुढे पांगला. पोथ्या कोठल्या कोठे गेल्या. परंतु त्या संग्रहाची यादी तेवढी मागे राहिली, आणि १९२१ मध्ये ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. दोन हजारांहून अधिक ग्रंथांची नावे तीत आहेत. शिवाय कवींद्राचार्यांच्या पोथ्यांवर त्यांच्या नावाची खूण लिहिलेली असे. त्या खुणेवरून निरनिराळ्या ग्रंथालयांत विखुरलेल्या त्यांच्या पोथ्या विद्वानांना ओळखता आल्या. संग्रह नष्ट झाला, तरी दोन ओळींच्या नोंदीमुळे त्याचे स्वरूप आपल्याला कळू शकते, हे केवढे नवल!

तथापि नोंद कशी करावी याचे पक्के नियम हवेत, ही जाणीव आधुनिक काळातील आहे. तिचे श्रेय बऱ्याच अंशी अँटोनिओ पानिझी या गृहस्थाकडे जाते. हा इटलीतून परागंदा झालेला एक राजकीय निर्वासित. १८२३ मध्ये तो इंग्लंडात आला, आणि १८३७ मध्ये ब्रिटिश म्युझियममधील मुद्रित ग्रंथांचा प्रमुख झाला. १८४१ मध्ये त्याचे सूचीकरणाचे एक्याण्णव नियम प्रसिद्ध झाले. या नियमांमुळे सूचीचे काम फार सावकाश होते, अशी ओरड लंडनमधील विद्वानांनी केली. एवढे बारकावे हवेत कशाला, नाव आणि साल लिहिले की पुरे, असे त्यांचे म्हणणे. अखेर १८४७ मध्ये चौकशी आयोग बसला. आयोगाचे चिटणीस होते जॉन पेन कॉलियर. नोंदी झटपट होऊ शकतात हे दाखविण्यासाठी या चिटणीसांनी स्वतः पंचवीस ग्रंथांच्या नोंदी थोडक्या वेळात तयार करून पुढे ठेवल्या. पानिझीचे सहकारी जॉन विंटर जोन्स यांनी त्या एकेक करून तपासल्या, आणि सूचीकरणात जितक्या म्हणून चुका संभवतात त्यांपैकी बहुतेक सर्व या पंचवीस नोंदींत आल्या आहेत, असा निर्वाळा दिला. कॉलियर काही अडाणी नव्हते. जुन्या इंग्रजी वाङ्मयाचे ते नामांकित अभ्यासक होते. नोंद करणे सोपे आहे असे त्यांना वाटले, एवढीच त्यांची चूक. आयोगाने पानिझीचाच पक्ष उचलून धरला.

आपल्याकडे ही नवी विद्या संघटित स्वरूपात आली ती प्रथम बडोद्यास. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले, आणि पुढल्याच वर्षी बडोद्यास ग्रंथपालनाचे शिक्षण देणारा वर्ग सुरू झाला. त्यानंतर मद्रासेत डॉ. शियाली रामामृत रंगनाथन उदयास आले. मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, १९३३ मध्ये आपली द्विबिंदू वर्गीकरणपद्धती आणि १९३४ मध्ये वर्गीकृत सूचीची संहिता प्रसिद्ध केली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हे त्यांच्या विचाराचे सार आहे. ही गाठ घालून देणारी मध्यस्थ म्हणजे नोंद.

मग यंत्रयुग आले. वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्हराम या विदुषीकडे एक काम सोपविण्यात आले. सूचीपत्रावरील मजकूर संगणकाला वाचता येईल अशा रीतीने तिला मांडावयाचा होता. ती संगणकतज्ज्ञ होती. ग्रंथपालनाचे शिक्षण तिने घेतले नव्हते. १९६६ ते १९६८ या काळात सोळा ग्रंथालयांच्या साहाय्याने प्रयोग झाला आणि त्यातून ‘मार्क’ ही पद्धती सिद्ध झाली. माणूस कार्डावर नजर टाकताच कर्ता कोणता आणि ग्रंथनाम कोणते हे ओळखतो; यंत्राला ते ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक घटकाला क्रमांक दिला गेला : कर्त्याचे नाव १०० या क्रमांकाखाली, ग्रंथनाम २४५ खाली, याप्रमाणे. त्यामुळे एका ग्रंथालयाने केलेली नोंद दुसऱ्याला जशीच्या तशी घेता येऊ लागली.

१९९० नंतर संगणकांच्या जाळ्यावर कागदपत्रांचा असा पूर आला, की इतक्या तपशिलाने नोंदी करणे प्रशिक्षित सूचीकारांच्या आवाक्याबाहेर गेले. तेव्हा मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डब्लिन गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ यांची बैठक भरली. आयर्लंडच्या राजधानीशी या डब्लिनचा संबंध नाही. या बैठकीतून निघालेल्या पद्धतीला ‘डब्लिन कोअर’ असे नाव मिळाले. तीत शेवटी पंधरा घटक निश्चित झाले : नाव, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, साहाय्यक, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळखक्रमांक, मूळ साधन, भाषा, संबंध, व्याप्ती आणि हक्क. यांपैकी कोणताही घटक गाळता येतो, कोणताही पुन्हा पुन्हा देता येतो. सूचीकरणाचे शिक्षण नसलेल्या माणसालाही नोंद करता यावी, हा या साधेपणाचा हेतू. २००३ मध्ये या पद्धतीला आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली, आणि जगभरच्या अनेक डिजिटल ग्रंथालयांनी ती पायाभूत मानली.

कॉलियर आणि पानिझी यांचा जुना वाद येथे नव्या वेषात पुन्हा उभा राहतो, हे श्रोत्यांच्या ध्यानात आले असेलच. डब्लिन कोअरच्या कर्त्यांना मी दोष देत नाही. पंधरा घटक नसते, तर पुष्कळशा ग्रंथांची नोंदच झाली नसती. परंतु प्रमाणपद्धती फार तर कोणती माहिती कोठे लिहावी हे सांगते. ग्रंथ हातात घेऊन मुखपृष्ठ वाचण्याचे काम ती करीत नाही. ‘दिनांक’ या रकान्यात १८२० हा आकडा नियमानुसार अगदी शुद्ध होता. यंत्राला त्यात काहीच वावगे दिसले नाही.

आपल्या भाषांतील ग्रंथांची नोंद करताना तर अधिकच जपावे लागते. प्रथम सालाचीच गोष्ट घ्या. जुन्या मराठी पुस्तकांवर शक असतो, गुजराती व हिंदी पुस्तकांवर पुष्कळदा विक्रम संवत् असतो, आणि संवत् इसवी सनाच्या पुढे असल्यामुळे चूक उलट दिशेने होते. नावांचेही तसेच. राम गणेश गडकरी नाटके लिहीत ते स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने. ही तिन्ही नावे एकाच माणसाची आहेत, हे सूचीने सांगितले नाही, तर वाचकाला एकाऐवजी तीन लेखक भेटतात, आणि कोणीच पुरता भेटत नाही. तिसरी अडचण लिपीची. रोमन अक्षरांत मराठी नाव लिहिताना दहा जण दहा रीतींनी लिहितात. भारतीय लिप्यांच्या रोमन लिप्यंतरासाठी २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले. तरी ते पाळणारे थोडेच. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी निरनिराळ्या खासगी टंकांत केलेल्या देवनागरी नोंदी तर तो टंक गेला की निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसतात.

पूर्वी सूचीत चूक असली तरी वाचक कपाटांमधून हिंडत असे, आणि हिंडता हिंडता हवा तो ग्रंथ अवचित हाती लागे. डिजिटल ग्रंथालयात कपाटच नाही. पानांची छायाचित्रे तेथे असतात; जुन्या छपाईची देवनागरी अक्षरे यंत्राला नीट उलगडत नाहीत, आणि मोडीची तर गोष्टच सोडा. अशा स्थितीत ग्रंथापर्यंत पोहोचण्याचे बहुधा एकच दार उरते. ते म्हणजे नोंद. दुसरे असे, की २००१ पासून एका संग्रहाच्या नोंदी दुसऱ्याने आपोआप गोळा करण्याची प्रमाणित पद्धत रूढ झाली. तिच्यामुळेच अनेक संस्थांचे ग्रंथ एका जागी शोधता येतात. २०१८ मध्ये राष्ट्रास अर्पण झालेले, खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हे याच विचाराचे फळ होय. परंतु नोंदीबरोबर नोंदीतली चूकही प्रवास करते. फळझाडांच्या त्या पुस्तकाची नोंद मला पुढे आणखी एका संग्रहात दिसली. तेथेही साल १८२० च होते. दोन ठिकाणी एकच साल आढळले, की वाचकाची खात्रीच पटते!

येथे शंकर गणेश दाते यांचे स्मरण केल्यावाचून राहवत नाही. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची त्यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केली, आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ मध्ये. त्यांच्यापाशी संगणक नव्हता, जाळे नव्हते. तरीही मराठी ग्रंथांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला त्यांच्या सूचीपासूनच आरंभ करावा लागतो. नोंद करणारा माणूस ग्रंथाकडे आस्थेने पाहणारा असला म्हणजे साधने अपुरी असूनही काम टिकते.

आज लक्षावधी पाने डिजिटल स्वरूपात आणण्याचे काम देशात चालू आहे. त्यासाठी यंत्रे घेतली जातात, दररोज किती पाने झाली याचे तक्ते वर पाठविले जातात. मी स्वतः असे तक्ते मागविणाऱ्यांपैकीच आहे. म्हणून हे बोलण्याचा मला अधिकार आहे असे समजतो. पाने मोजणे सोपे असते. नोंदी बरोबर आहेत की नाहीत हे मोजण्यासाठी ग्रंथ उघडावा लागतो. शंभर नोंदींमागे पाच-दहा नोंदी तरी भाषा जाणणाऱ्या माणसाने मुखपृष्ठाशी ताडून पाहाव्यात. मूळ पुस्तकावर छापलेले साल जसेच्या तसे लिहून त्याशेजारी इसवी सन द्यावा. ग्रंथनाम मूळ लिपीत अवश्य लिहावे. आणि वाचकाने कळविलेली चूक दुरुस्त करण्याची काहीतरी सोय असावी. यांत फार खर्चाचे असे काही नाही.

त्या पुस्तकाविषयी मी दोन्ही ठिकाणी पत्रे पाठविली. पहिल्या संग्रहातील कोणा अनाम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांनी नोंद सुधारली, आता तेथे ‘शके १८२० (इ. स. १८९८)’ असे स्पष्ट वाचावयास मिळते. दुसऱ्या संग्रहाकडून मला उत्तर आले नाही. परवा मी पुन्हा पत्र पाठविले, आणि या वेळी सोबत मुखपृष्ठाचे छायाचित्रही जोडले आहे.