वरकुट्याचा खेकडा

खेकडा म्हटला कीं कोंकणची चिंबोरी आठवते. तिचा गर काढून वडे थापतां येतात. नीरा-भीमेच्या मधल्या वरकुटे गांवच्या बाजूचा खेकडा बांधांत बिळें करून राहणारा, लहान. त्याच्या तांगड्यांत गर तो किती असणार? म्हणून देशावरची गृहिणी त्या पाट्यावर वाटून रस गाळते आणि बेसन लावून कालवण दाट करते.

१८७६-७७ च्या दुष्काळांत हा मुलूख होरपळला. पुढें १८८५ सालीं नीरेचा डावा कालवा वाहूं लागला. बारामती-इंदापुराकडे बागाईत आली. पाण्याला मोल आलें, तसें बांधालाही. खेकड्याच्या एका बिळांतून पाटाचें पाणी वाहून जातें. तो धरून पाट्यावर गेला, कीं बांध वांचे आणि भाकरीला कालवणही मिळे.