अर्धं डोकं

लकडगंजात डोकेदुखीवर सल्ला मागावा लागत नाही. आरा मशीनचा आवाज, लाकडाचा भुसा, मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन. कारण प्रत्येकाकडे तयार असतं. मी घरून कोड लिहितो, म्हणून माझ्या वाट्याला 'नंबर लागला असेल' आलं. चष्म्याचा नंबर तपासला, तो तसाच होता. मग आईने सुंठ उगाळून कपाळावर लावली. शेजारच्या काकूंनी सूर्य उगवायच्या आत दुधासोबत गरम जिलबी खायला सांगितली. डोकं दुखत राहिलं, जिलबीबद्दल मात्र तक्रार नाही.

पण सूर्य उगवायच्या आतच का? सुश्रुतसंहितेत डोक्याचे ११ रोग सांगितलेत. त्यातला एक 'सूर्यावर्त': सूर्यासोबत चढणारं आणि त्याच्यासोबत उतरणारं दुखणं. काकूंच्या जिलबीचं मूळ तिथेच असावं, असं मला वाटतं. दुसरा 'अर्धावभेदक', म्हणजे अर्धं डोकं फोडणारा. लाकडं फोडणाऱ्या वस्तीत हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तिकडे दुसऱ्या शतकात गेलन नावाच्या ग्रीक वैद्याने याच दुखण्याला 'हेमिक्रेनिया' म्हटलं. अर्थ तोच, अर्धी कवटी. तो शब्द झिजत झिजत 'मायग्रेन' झाला, आपल्याकडे अर्धशिशी राहिली.

उपचार वैद्याकडून दुकानात आला तो बराच नंतर. १८९३ साली काशीनाथुनी नागेश्वरराव या तेलुगू माणसाने मुंबईत 'अमृतांजन' काढलं. १८९९ साली जर्मनीच्या बायरने 'अॅस्पिरिन' बाजारात आणली. १९३३ साली रोश कंपनीची 'सॅरिडॉन' आली. आज तिच्यात पॅरासिटामॉल, प्रॉपिफेनाझोन आणि कॅफिन असतं. सप्टेंबर २०१८मध्ये केंद्र सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात तीही होती. सुप्रीम कोर्टाने तिची विक्री चालू ठेवली आणि २०१९मध्ये तिला बंदीतून वगळलं. आमच्या गल्लीत या घडामोडींचा पत्ताही लागला नाही. 'डोक्याची गोळी द्या' म्हटलं की मिळत होती.

सोय मोठी, पण तिचा एक उलटा फटका आहे. अशा मिश्र गोळ्या महिन्यातले १० किंवा जास्त दिवस, असं ३ महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर गोळीनेच डोकेदुखी वाढू शकते. दुकानदार गोळी देतो, दिवस मोजत नाही.

दिवस मोजायला सांगितले ते न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांनी. तारीख, किती तास, कुठली बाजू, मळमळ, उजेड सहन होतो का, गोळी घेतली का. माझ्या कामात याला लॉग म्हणतात. त्यांनी साधं कॅलेंडरच चालेल म्हटलं. शेवटी विचारलं, "घरात आणखी कोणाला?"

मी नाही म्हणणार होतो. आईला तर 'पित्त' होतं. वर्षानुवर्षं अंधाऱ्या खोलीत ओढणी घट्ट बांधून पडायची, उलटी झाली की बरं वाटायचं. आमच्या घरात ते कधी डोक्याचं दुखणं धरलंच नव्हतं, पोटाचं होतं. अर्धशिशीत उलटी होते, ती घराण्यात उतरते आणि बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण तिप्पट आढळते. लकडगंजापासून मेयो हॉस्पिटल लांब नाही. १९४७पासून शहरात मेडिकल कॉलेजही आहे. तरी त्या पित्तासाठी ती कधी कुठे गेली नाही.

आता स्वयंपाकघरातल्या 'कालनिर्णय'वर दुधाच्या खाड्यांशेजारी दोन रंगांच्या खुणा आहेत. निळ्या माझ्या, लाल तिच्या. या महिन्यात लाल जास्त आहेत. पुढच्या ओपीडीला पान फाडून दोघं जाणार आहोत.