तीन अधिकचिन्हे आणि एक सेकंदाची शांतता

दूरध्वनीची तार माणसाच्या बोलण्यासाठी टाकलेली. सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज दूरध्वनी यंत्रणा वाहून नेते. संगणकाजवळ तर ० आणि १ यांखेरीज काही नाही. तेव्हा दोन संगणकांना या तारेवरून बोलायचे, तर ० साठी एक सूर आणि १ साठी दुसरा, अशी योजना करावी लागते. हे काम मोडेम करतो. १९६२ साली अमेरिकेत आलेल्या ‘बेल १०३’ मोडेममध्ये फोन करणारी बाजू १ साठी १२७० आणि ० साठी १०७० हर्ट्झचा सूर काढी. फोन घेणारी बाजू २२२५ आणि २०२५ हर्ट्झ वापरी. सूर वेगळे असल्याने दोघे एकदम बोलले तरी घोटाळा होत नसे. वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे जेमतेम ३० अक्षरे.

हा झाला भौतिकशास्त्राचा भाग. आम्हांला सांगायची आहे ती गोष्ट पुढची आहे. मोडेमला हुकूम कसा द्यायचा?

आरंभी हा प्रश्नच नव्हता, कारण हुकूम पाळणारा माणूस होता. तो फोन फिरवी, पलीकडून शिटी ऐकू आली की रिसीव्हर मोडेमच्या दोन रबरी वाट्यांत बसवी. अमेरिकेत टेलिफोन कंपनीच्या तारेला परके उपकरण जोडायला बंदी होती, म्हणून हा द्राविडी प्राणायाम. १९६८ च्या ‘कार्टरफोन’ निकालाने ती आडकाठी सैल झाली.

अटलांटाचे डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन हे दोघे १९७० च्या दशकाच्या अखेरीस संगणकाच्या आत बसणारे मोडेम बनवीत. पण प्रत्येक संगणकाची आतली रचना निराळी, म्हणून प्रत्येकासाठी कार्डही निराळे. त्यांनी १९८१ साली ‘स्मार्टमोडेम’ ही वेगळी पेटी आणली. जवळपास कोणत्याही संगणकाच्या सीरियल पोर्टला ती जोडता येई. मात्र या पोर्टातून जातात ती अक्षरे. पाठवायचा मजकूर त्याच वाटेने आणि ‘फोन लाव’, ‘फोन ठेव’ हे हुकूमही त्याच वाटेने! निरोप्याला पत्र वाचून दाखवता दाखवता मध्येच ‘आता थांब’ म्हटले, तर ते शब्द पत्रातले की त्याच्यासाठी, हे त्याने कसे ओळखावे?

निम्मे उत्तर सोपे होते. फोन लागलेला नसताना येईल तो हुकूम, लागल्यावर येईल तो मजकूर. प्रत्येक हुकमाची सुरुवात ‘एटी’ या दोन इंग्रजी अक्षरांनी करायची. ही अक्षरे ‘अटेन्शन’ या शब्दातली, पण ती सोयीचीही होती. ‘ए’ चा ॲस्की संकेत १०००००१. अक्षर पाठवताना आधी ० हा आरंभ-बिट जातो आणि मग संकेत उजवीकडून सुरू होतो. म्हणजे पहिल्या ० नंतर लगेच १ येतो. तो ० किती वेळ टिकला हे मोजले, की संगणक कोणत्या वेगाने बोलतो आहे ते मोडेमला कळते. शिवाय ‘ए’ मध्ये दोन १ आहेत, तर ‘टी’ मध्ये (१०१०१००) तीन. एक सम, एक विषम. त्यामुळे पॅरिटी-बिट सम धरला आहे की विषम, याचाही उलगडा होतो. वर्गात फळ्यावर सोडवून घ्यावे असे हे गणित आहे.

उरलेले निम्मे उत्तर हेदरिंग्टनचे. चालू संभाषणातून बाहेर पडण्यासाठी +++ ही खूण ठरली. पण मजकुरात कोणी अशी चिन्हे लिहिली असतील तर? म्हणून तिच्या आधी आणि नंतर किमान एक सेकंद काहीही पाठवायचे नाही. मजकूर धडाधड जात असतो. बरोबर या तीन चिन्हांच्या दोन्ही बाजूंना तो एकेक सेकंद थांबण्याचा संभव फार कमी. अक्षरांनी जे सांगता येत नव्हते, ते शांततेने सांगितले.

या हुकमांचा खरा कस लागे तो दूरच्या संगणकावर फोनवरून काम करताना. पीसी-एनीव्हेअर, कार्बन कॉपी यांसारखी सॉफ्टवेअरे त्यासाठी होती. कचेरीतला संगणक रात्रभर चालू, शेजारी कोणी नाही, आणि घरून फोन करून त्याचा पडदा आपल्या पडद्यावर बघायचा. ८० गुणिले २५, म्हणजे २००० अक्षरांचा एक पडदा ३०० बिटांच्या वेगाने यायला मिनिटाहून जास्त लागे. त्यामुळे बदललेला भाग तेवढाच पाठवणे भाग होते. तिकडच्या मोडेमला आधीच पढवून ठेवावे लागे. ‘एस०=१’ म्हणजे पहिल्या घंटेला फोन उचल. ‘&सी१’ म्हणजे पलीकडचा सूर खरोखर येत असेल तरच ‘जोडलेला आहे’ असे संगणकाला कळव. ‘&डी२’ म्हणजे संगणकाने खूण सोडली की फोन ठेव. हा शेवटचा हुकूम विसरला आणि एखादी जोडणी अर्धवट तुटली, की मोडेम फोन धरून बसे. मग घरून कितीही फोन करा, ‘एंगेज’. सकाळी कोणीतरी कचेरीत जाऊन पेटी बंद-चालू करीपर्यंत इलाज नसे.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा हेच हुकूम आपल्याकडच्या घराघरांत आले. जुन्या एक्स्चेंजवर ‘एटीडीटी’ चालत नसे. सुरांऐवजी टकटक ठोक्यांनी क्रमांक फिरवणारा ‘एटीडीपी’ द्यावा लागे. आपला डायल टोनही अमेरिकेपेक्षा वेगळा, म्हणून मोडेम ‘डायल टोन नाही’ म्हणून अडून बसे. त्याला ‘एक्स३’ सांगायचे, म्हणजे टोनची वाट न पाहता तो क्रमांक फिरवी.

इकडे त्या एका सेकंदावरून भांडण जुंपले होते. हेजला १९८५ साली या युक्तीचे पेटंट मिळाले. काही उत्पादकांनी पैसे भरण्याऐवजी शांतताच गाळली. त्यांचे मोडेम +++ च्या पाठोपाठ ‘एटी’ आणि हुकूम दिसला, की तो पाळत. परिणाम काय होईल ते उघड होते. फाइलमध्ये ‘+++एटीएच’ एवढी अक्षरे आली की फोन बंद. पुढे इंटरनेटवरच्या खोडसाळांना हे उमगले. ‘पिंग’ या तपासणीत आलेली अक्षरे संगणक जशीच्या तशी परत पाठवतो. त्यांत ही अक्षरे घालून दिली, की बिचारा संगणक आपल्याच मोडेमला फोन ठेवायला सांगे! ज्यांच्या मोडेममध्ये शांततेची अट होती, त्यांना याचा उपद्रव झाला नाही.

हेज कंपनी १९९९ साली मोडीत निघाली. तिची भाषा मात्र मोबाइलच्या मानकांत शिरली. आजही मोबाइल जाळ्याला जोडणारे एखादे मॉड्यूल प्रयोगशाळेतल्या संगणकाला लावावे आणि ‘एटी’ टाइप करून एंटर दाबावे. उत्तर येते, ‘ओके’.