नर्मदाकांठचा हिशेब

परदेशी द्रव्यसाहाय्यानें उभ्या राहणाऱ्या योजनांचें मूल्यमापन कोणी व कसें करावें, हा प्रश्न वरकरणी हिशेबनिसांचा वाटतो. तो किती माणसांच्या घरादाराशीं जडलेला असतो हें पाहावयाचें तर सातपुड्यांत, नर्मदेच्या दक्षिण तीरावर जावें लागेल. अक्कलकुवा व अक्राणी हे तेथील दोन तालुके पूर्वीं धुळें जिल्ह्यांत होते. १९९८ पासून ते नंदुरबारमध्यें आहेत. सरदार सरोवरानें बाधित होणाऱ्या २४५ गांवांपैकीं ३३ गांवें या महाराष्ट्रांतलीं.

जागतिक बँकेनें १९८५ च्या मे महिन्यांत या योजनेसाठीं ४५ कोटि डॉलर देऊं केले. तत्पूर्वीं छाननी झालीच नव्हती असें नाहीं. धरणाची उंची, वीज, भिजणारी जमीन, सारें मोजलें होतें; पण प्रत्येक वस्तु निराळ्या खात्याच्या वहींत. पर्यावरणाची अनुमति १९८७ सालीं मिळाली, तीहि अभ्यास मागाहून पुरे करावेत या अटीवर. वरात निघाल्यावर वधूचें गोत्र विचारावें, तसलाच हा प्रकार!

लोकांचा विरोध वाढला, तेव्हां बँकेनें १९९१ मध्यें ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखालीं स्वतंत्र समिति नेमली. बँकेच्या इतिहासांत असें परीक्षण पहिलेंच. मोर्स हे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख. त्यांचे सहकारी टॉमस बर्जर हे कॅनडांतील माजी न्यायाधीश. बर्जर यांनीं पूर्वीं मॅकेंझी खोऱ्यांतील नियोजित वायुवाहिनीच्या चौकशींत गांवोगांव फिरून मूळ रहिवाशांच्या साक्षी ऐकल्या होत्या. तीच रीत नर्मदेकांठीं आली.

समितीपुढें विषय दोनच होते, पुनर्वसन आणि पर्यावरण. परंतु एक धागा ओढतांच दुसरा हातीं येऊं लागला. ज्या कुटुंबाची पाव हिश्शाहून अधिक जमीन बुडेल, त्यास किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन द्यावी असें लवादानें १९७९ मध्येंच ठरविलें होतें. मग जमीनधारक कोण? अक्राणीचा भिल्ल वा पावरा शेतकरी पिढ्यानुपिढ्या जी जमीन कसतो, ती कागदोपत्रीं वनखात्याची. सबब तो अतिक्रमक! भूमिहीनांस महाराष्ट्र त्या वेळीं एक एकर देऊं करीत होता, गुजरात मात्र दोन हेक्टर. बरें, जमीन आणावयाची कोठून? तळोद्याच्या वनांतून. पण त्या वनजमिनीवर दुसरे आदिवासी आधींपासून पोट भरीत होतेच. एकाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय झाली. कालव्यांसाठीं ज्यांच्या जमिनी जाणार होत्या, अशा सुमारे १,४०,००० शेतकऱ्यांना विस्थापितांत धरलेंच नव्हतें. धरणाखालच्या मच्छिमारांचें काय होईल, सांठल्या पाण्यानें हिंवताप किती वाढेल, यांचीहि तीच गत.

माझ्या मतें या अहवालाचें मोल येथेंच आहे. योजनेचीं अंगें एकमेकांवर काय परिणाम करतात, तें त्यानें पाहिलें. कच्छ-सौराष्ट्राच्या तहानेला त्यांत पुरेसा न्याय मिळाला नाहीं, हा गुजरातेंतील आक्षेप अगदींच पोकळ म्हणतां येणार नाहीं. तथापि त्या पाणीपुरवठ्याची आखणीहि तेव्हां प्राथमिक अवस्थेंतच होती.

१९९२ च्या जूनमध्यें समितीनें बँकेला मागें सरून पुनर्विचार करण्याचा सल्ला दिला. संचालक मंडळानें ऑक्टोबरांत कांहीं अटी घालून कर्ज चालूंच ठेवलें. पुढें १९९३ च्या मार्चअखेर भारत सरकारनेंच उरलेलें कर्ज नको म्हणून कळविलें. त्याच सप्टेंबरांत बँकेनें तपासणी मंडळ स्थापिलें. बाधित लोक आपलें गाऱ्हाणें थेट तेथें नेऊं शकतात. ज्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पांतून बोरिवली-विरारचे जादा लोहमार्ग झाले, आणि भाईंदरच्या इंद्रलोकांतील नोकरदार मंडळी ज्यांवरून रोज जातात-येतात, त्याच प्रकल्पाच्या मुंबईंतील विस्थापितांनीं २००४ मध्यें या मंडळाचें दार ठोठावलें.

धरण थांबलें नाहीं. बँकेच्या पैशावांचून वाढत तें १३८.६८ मीटरांपर्यंत गेलें आणि २०१७ मध्यें राष्ट्रार्पण झालें. अक्कलकुव्यांतील मणिबेली हें गांव १९९३ पासूनच पाण्याखालीं जाऊं लागलें होतें.