ओलसर न्हाणीघरात स्वस्त बोर्डांचा वापर

न्हाणीघरातील कपाट, बेसिनखालचा कप्पा किंवा छत यांसाठी कमी किमतीचा बोर्ड वापरण्याकडे अनेक कुटुंबांचा कल असतो. मात्र एक-दोन पावसाळ्यांतच कडा फुगतात, बिजागऱ्यांचे स्क्रू सैल होतात आणि केलेली बचत वाया जाते. याला बोर्डाच्या किमतीपेक्षा जागेची चुकीची निवड आणि उघड्या राहिलेल्या कडा अधिक कारणीभूत ठरतात.

पार्टिकल बोर्ड लाकडाचे बारीक तुकडे, तर एमडीएफ लाकडाचे तंतू गोंदासह दाबून तयार करतात. पाणी आत शिरताच हे दाबलेले कण फुगतात आणि बोर्ड सुकल्यानंतरही तो मूळ जाडीवर येत नाही. स्वस्त बोर्डांत प्रामुख्याने युरिया फॉर्मल्डिहाइड गोंद असतो. तो दीर्घकाळच्या ओलाव्यात आणि उष्णतेत टिकत नाही. काही बोर्डांचा गाभा हिरवा असतो, पण तो केवळ रंग आहे. ओलावारोधकतेचा पुरावा नव्हे.

प्लायवुडमध्येही गोंदच निर्णायक असतो. बाजारात ‘कमर्शियल’ नावाने मिळणारे प्लायवुड सहसा एमआर, म्हणजे ओलावा काही प्रमाणात सोसणाऱ्या प्रतीचे असते. ते जलरोधक नसते. फिनॉल फॉर्मल्डिहाइड गोंदाचे बीडब्ल्यूआर प्लायवुड अधिक टिकाऊ असते. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ७१० या मानकातील मरीन प्लायवुडचा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात तपासला जातो. विक्रेत्याने सांगितलेला ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द ही प्रत नव्हे. त्यामुळे बोर्डावर छापलेला मानक क्रमांक आणि प्रत पाहणे आवश्यक आहे.

जागेनुसार विचार केल्यास निवड सोपी होते. अंगावर पाणी घेण्याच्या जागेत लाकडावर आधारित स्वस्त बोर्ड वापरू नये. तेथे सिमेंट फायबर बोर्ड चालतो. तो फुगत नाही व कुजत नाही, परंतु त्यातून पाणी झिरपू शकते. म्हणून त्यावर जलरोधक थर द्यावा लागतो. हा बोर्ड ॲस्बेस्टॉसमुक्त असल्याची खात्री करावी आणि कापताना उडणारी धूळ श्वासावाटे जाऊ देऊ नये. बेसिनखाली पीव्हीसी बोर्ड उपयुक्त ठरतो; मात्र तो उष्णतेने मऊ होतो आणि त्यात स्क्रूची पकड प्लायवुडच्या तुलनेत कमी असते. छतासाठी ओलावारोधक जिप्सम बोर्ड वापरता येतो, पण त्यावर थेट पाणी पडू नये. आरशामागे किंवा उंचावरील कोरड्या कप्प्यात एमआर प्लायवुडही पुरेसे ठरू शकते.

बोर्ड कापल्यानंतर प्रत्येक कड, नळासाठी पाडलेले भोक आणि मागची बाजू रंगाने, लॅमिनेटने किंवा सिलिकॉनने बंद करावी. केवळ दर्शनी भागावर लॅमिनेट लावल्यास बोर्ड वाकण्याचा संभव असतो. कपाट फरशीपासून चार ते सहा इंच उंच, पीव्हीसीच्या पायांवर ठेवावे. भिंतीला ओल असल्यास आधी गळती दुरुस्त करावी, अन्यथा कपाटामागे बुरशी व वाळवी वाढते. कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्यात हवाच दमट असते. अशा ठिकाणी एक्झॉस्ट पंखा आणि उघडी खिडकी आवश्यक ठरते.

खर्च मर्यादित असल्यास तो फरशीलगतच्या भागावर आणि कडांवर आधी करावा. उंचावरील भागासाठी स्वस्त बोर्ड निवडता येतो.