मरूक येवक व्हया

माणसानं एक वेळ दोन वकिलांच्या मध्ये बसावं, पण माय-लेकाच्या भांडणात पंच म्हणून बसू नये. गेल्या थंडीत मी बसलो. माझी बहीण वालावलला राहते. चिरंजीव दहावीत. सहामाहीच्या परीक्षेत गणितानं त्याला दगा दिला (त्याच्या आईच्या मते त्यानं गणिताला दिला), आणि खापर फुटलं ते टीव्हीखाली ठेवलेल्या एका काळ्या पेटीवर. या पेटीत म्हणे व्हिडिओ गेम राहतात.

"दादा, तूच सांग त्याला चार शब्द. नाहीतर ती पेटी मी तळ्यात टाकणार."

वालावलचं तळं लक्ष्मीनारायणाच्या देवळाच्या मागे, घरापासून चालत पाच मिनिटांवर. म्हणजे धमकी अमलात येण्यासारखी होती.

चार शब्द जुळवत मी भाच्याच्या खोलीत गेलो. पडद्यावर लाल लांब डगला घातलेला, पांढऱ्या केसांचा एक तरणाबांड गडी एका हातात तलवार घेऊन दोरीवरच्या बाहुल्यांची खांडोळी करत होता. मधूनच दोन पिस्तुलं काढून हवेत उडालेल्या बाहुलीला तो खालीच येऊ देत नव्हता. मी म्हटलं, "अरे, ही काय नुसती कापाकापी?"

"मामा, मारतात सगळेच. कसं मारलं त्याला मार्क आहेत." आणि त्यानं ते बटणांचं यंत्र माझ्या हातात दिलं.

मी एकच बटण धरून दाबत सुटलो. बाहुली मेली. पण पडद्यावर उमटलं, 'डी'. डी म्हणजे 'डल'. नीरस! छत्तीस वर्षं नोकरी केली, पण गोपनीय अहवालातसुद्धा माझ्याविषयी इतकं स्पष्ट कुणी लिहिलं नव्हतं.

मग भाच्यानं माझी शिकवणी घेतली. या खेळाचं नाव 'डेव्हिल मे क्राय'. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो २००१ साली काढला. कर्ता हिदेकी कामिया. मुळात त्याला कंपनीच्या एका भुताखेतांच्या खेळाचा चौथा भाग करायला सांगितलं होतं. म्हणजे गणपती करायला घेतला आणि मारुती झाला, पण मारुती असा झाला की त्याचं वेगळं देऊळ बांधावं लागलं. शत्रूला हवेत झेलत ठेवायची गंमतही अशीच सापडलेली. त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका खेळात चुकून शत्रू वरच्या वर राहू लागले. इतरांनी त्याला दोष म्हटलं असतं. कामियानं तोच गुण केला.

आणि त्यानं भर घातली ती मार्कांची. फटका बसला की झालं, असं नाही. तोच तोच फटका मारलात तर किंमत उतरते. वेगवेगळे डाव एकात एक गुंफलेत, मार चुकवलात, लय तुटू दिली नाहीत, तर 'डी'चा 'सी', 'सी'चा 'बी' असं करत शेवटी 'एस' मिळतो, म्हणजे 'स्टायलिश'. याच कर्त्याच्या २००९ सालच्या 'बायोनेटा'त तर शत्रूचा वार अगदी शेवटच्या क्षणी चुकवला की सगळं जग संथ होतं. लवकर चुकवला तर काही नाही. घाबरटाला बक्षीस नाही.

"आणि मामा, शत्रू आधी इशारा देतो. ओरडतो, हात उगारतो. तो बघायचा."

हे वाक्य ऐकलं आणि मी एकदम नऊ वर्षांचा झालो. ओरडून, हात उगारून मग वार करणारा शत्रू मी पाहिला होता. तो काळा अंगरखा घालून, लाल जीभ लोंबवत याच देवळासमोर यायचा. आमचा संकासुर!

दशावताराबद्दल घाटावरच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारं हे नाटक. लिहिलेली संहिता नाही, संवाद जागच्या जागी. सामान म्हणजे एक पेटारा आणि रंगमंचावर एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच पर्वत. दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख आहे. कोकणात १७२८ साली श्यामजी नाईक काळे यांनी तो आणला असं सांगतात. कंपन्या गावांच्या नावांनी ओळखल्या जातात. मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, खानोलकर. त्या यादीत वालावलकरही आहेत, हे मी उगाच नाही सांगत.

आणि या नाटकाचा जीव युद्धात. वेद पळवणाऱ्या संकासुराला विष्णू मारतो, हे प्रत्येकाला ठाऊक. 'पुढे काय' हा प्रश्नच नाही. तरी माणसं मध्यरात्री उकिडवी बसून का बघतात? 'कसं' बघायला! मृदंगाच्या बोलावर गिरकी कशी घेतली, झांज वाजता वाजता तलवारीला तलवार कशी लागली. मार्क देणारे समोर बसलेले असतात. आवडलं तर बक्षीस, नाही आवडलं तर चहाच्या दुकानाकडे रांग. 'डी'!

शिष्टांना मात्र हे कधीच रुचलं नाही. नाट्यशास्त्रानं तर युद्ध आणि मरण अंकात प्रत्यक्ष दाखवू नये, सूचित करावं, असाच दंडक घातला. पुढे १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्या वळणाच्या नाटकांतले राक्षस आरोळ्या ठोकत येत, म्हणून सुशिक्षितांनी त्या नाटकांना नाव ठेवलं 'अललडुर्र'. अमेरिकेत 'मॉर्टल कॉम्बॅट' या १९९२ सालच्या खेळात गडी हरलेल्याचं मुंडकं कण्यासकट उपटायला लागला, तेव्हा १९९३ साली तिथल्या सिनेटनं सुनावणी घेतली आणि १९९४पासून खेळांवर वयाचे शिक्के आले. शिक्का योग्यच. कण्यासकट मुंडकं उपटण्यात मला तरी लय सापडली नाही.

माझे वडील 'अललडुर्र' पक्षाचे. एका जत्रेनंतर मी फळीची तलवार तासून अंगणात संकासुर झालो होतो. चांगला झालो होतो असं आजी म्हणायची. वडिलांनी ती तलवार न्हाणीच्या चुलीत घातली. त्या दिवशीचं आंघोळीचं पाणी चांगलं कढत होतं, आणि माझ्या डोळ्यांतलंही. पुढे गणितात मला काही जास्त मार्क पडले नाहीत. तलवार मात्र गेली ती गेलीच.

रात्री मी भाच्याला जवळच्या एका जत्रेत घेऊन गेलो. आधी तो मोबाईलमध्ये होता. संकासुर आला, मालवणीत लोकांची फिरकी घेऊ लागला, तसा मोबाईल खिशात गेला. युद्ध संपल्यावर त्यानं मला हळूच सांगितलं, "मामा, विष्णूपेक्षा संकासुर भारी. मार खाताना काय पडतो!"

पहाटे रंग उतरवत बसलेल्या एका म्हाताऱ्या नटाला मी हे सांगितलं. तो हसला. म्हणाला, "झिला, मारूक कोणय मारता. मरूक येवक व्हया."

दोनशे-तीनशे वर्षांचा इतिहास एका ओळीत! समोरचा नीट मरतो म्हणून देवाच्या तलवारीला धार दिसते. या खेळांचंही तसंच. त्या बाहुल्यांना इशारा देता आला नाही, तोल सावरता आला नाही, तर लाल डगलेवाला नुसता खाटीक. रक्त कुणीही सांडतो, तो नाच झाला तरच बघण्यासारखा. शिवाय खेळणाऱ्यालाही आधी शंभरदा मरावं लागतं. दर वेळी आपण कुठे घाई केली ते कळतं. आमच्या पिढीला हे लग्नानंतर कळलं.

परतताना भाच्यानं आणखी एक सांगितलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली 'राजी' नावाचा असाच खेळ काढला. सर्कशीतली एक पोर धाकट्या भावाला सोडवायला त्रिशूळ घेऊन असुरांशी लढते, आणि गोष्ट सांगायला आहेत छायाबाहुल्या. मी म्हटलं, "अरे, चामड्याच्या छायाबाहुल्या तर आपल्या पिंगुळीला! कुडाळाला जाताना लागत नाही का?" त्याला पिंगुळी ठाऊक होती, बाहुल्या ठाऊक नव्हत्या. मला बाहुल्या ठाऊक होत्या, 'राजी' नव्हती. बरोबरी झाली.

घरी बहीण दारातच. "सांगितलेस चार शब्द?"

"सांगितले. पेटी तळ्यात टाकायची नाही. कपाटावर ठेवायची. परीक्षा होईपर्यंत रविवारी एक तास, तोही गणितं सुटल्यावर."

"आणि तासभर तो काय करणार?"

"मला शिकवणार."

तेव्हापासून रविवारी फोनवर मला धडे मिळतात. माझ्या मुलानं कुरकुर करत तसलीच एक पेटी आणून दिली. अजून 'सी'च्या वर मी गेलेलो नाही. पण परवा माझा लाल डगलेवाला बाहुल्यांच्या घोळक्यात कोसळला, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, मारायला जमत नाही तुला. पण मरतोस बरा."

मी ते आजीच्या शाबासकीशेजारी जपून ठेवलं आहे.