एस्तोनियातील आद्य कामगार साहित्य : व्याख्येचा प्रश्न

कामगाराविषयी लिहिलेले ते कामगार साहित्य, कामगाराने स्वतः निर्माण केलेले, की त्याच्या लढ्याशी बांधिलकी मानणारे? एस्तोनियाच्या वाङ्मयेतिहासाकडे पाहिले की हा प्रश्न टाळता येत नाही. मी इतिहास शिकवतो. माझ्या घराण्यात माझ्याआधी कोणी पाटीला हात लावला नव्हता. त्यामुळे व्याख्येबाहेर कोण राहिले, हे मी आधी पाहतो.

एकोणिसाव्या शतकात बाल्टिक समुद्राकाठचा हा प्रदेश रशियन साम्राज्यात होता. जमीन जर्मन सरंजामदारांची, राबणारा एस्तोनियन. उत्तरेतील भूदासप्रथा १८१६ साली व दक्षिणेतील १८१९ साली कायद्याने संपली. जमीन मात्र मालकांकडेच राहिली. १८५७ साली नार्वा येथील धबधब्याच्या बळावर क्रेनहोल्म ही सूतगिरणी स्थापन झाली. १८७२ साली पटकीची साथ आली आणि पाठोपाठ तेथे संप झाला. तो दडपण्यासाठी सैन्य आणले गेले.

नार्वाच्या गिरणी कामगारांवर एदुआर्द विल्दे यांनी १८९८ साली 'लोखंडी हात' ही कादंबरी लिहिली. तिचे मोल मी नाकारीत नाही. पण विल्दे पेशाने पत्रकार होते, गिरणी कामगार नव्हते. १८५८ च्या शेतकरी उठावावरील 'माहत्राचे युद्ध' (१९०२) या कादंबरीसाठी त्यांनी तो काळ पाहिलेल्यांच्या आठवणी मिळवल्या. ज्यांनी सोसले ते साक्षीदार ठरले. लेखक विल्दे ठरले. हा दोष विल्दे यांचा नव्हे, आपल्या साहित्यविषयक कल्पनेचा आहे.

सोव्हिएत अमलात पक्षनिष्ठा ही कसोटी झाली. हान्स प्योगेलमान या क्रांतिकारक कवीला मानाचे पान मिळाले. पण याच कवीला १९३८ साली सोव्हिएत राजवटीनेच गोळ्या घातल्या होत्या! जी सत्ता कवीला मारते आणि पुढे त्याचाच गौरव करते, तिच्या शिक्क्यावर व्याख्या कशी उभी करायची? १९९१ साली देश पुन्हा स्वतंत्र झाला. राजवटीबरोबर तिची कसोटी जावी, हे ठीक. कामगारही इतिहासातून जावा, हे ठीक नाही.

याकोब हुर्त यांनी १८८८ साली केलेल्या आवाहनाला खेड्यापाड्यांतून प्रचंड प्रतिसाद मिळाला. अशा संकलनांतून जमलेल्या लोकगीतांत जमीनदाराची वेठ आहे, मुकादमाचा जाच आहे. ही गाणी 'लोकसाहित्य' म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवली जातात. भूदास हा मजुरीवर राबणारा कामगार नव्हे, हा आक्षेप शास्त्राला धरून आहे. पण गिरणीत आलेले एस्तोनियन अशाच खेड्यांतून आले. वेठीची आठवण ते गावी ठेवून आले नव्हते.

म्हणून मला वाटते, आद्य कामगार साहित्याची मांडणी श्रमिकाने स्वतःच्या श्रमाविषयी काढलेल्या शब्दापासून सुरू व्हावी, मग तो शब्द लिहिलेला असो वा गायलेला. विल्दे यांच्यासारख्यांचे सहानुभूतीचे लेखन त्याच्या शेजारी बसेल, त्याच्या जागी नव्हे.